विभागाच्या रकान्यात काय लिहायचं?

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात सौंदर्यशास्त्राचा दोन क्रेडिटचा एक पेपर आम्ही चौघांनी मिळून चाळीस मिनिटांत तयार केला होता. चहा यायच्या आत तीन युनिटं झाली, चौथं चहानंतर. पहिलं तत्त्वज्ञानाच्या सरांचं: प्लेटो, ॲरिस्टॉटल, कांट. दुसरं मराठीच्या मॅडमचं: रस, ध्वनी, औचित्य. तिसरं इतिहासाचं: अजिंठा, वेरूळ, हेमाडपंती देवळं. उरलेलं माझ्या वाट्याला आलं. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून 'रंग आणि रंगद्रव्ये' असं काहीतरी लिहून दिलं. वर मथळा टाकला, 'सौंदर्यशास्त्र : आंतरविद्याशाखीय परिचय'. तीस तासांना चारनं भागून प्रत्येकाला साडेसात तास दिले आणि सह्या करून उठलो. दुसऱ्याच्या युनिटात काय आहे ते वाचायची वेळ कोणावरच आली नाही.

त्या सत्राच्या शेवटी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नांची तिची तयारी चोख होती. तिला विचारायचं वेगळंच होतं. "मॅडम, हे चार विषय एकाच पेपरात कायले ठेवले?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर नव्हतं हे तिलाही कळलं आणि मलाही. हा लेख त्या 'कायले'बद्दल, म्हणजे 'कशाला'बद्दल, आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांपर्यंत ते टप्प्याटप्प्यानं पोचलं, तसा पेपर बनवण्याचा हा कारखाना सगळीकडे सुरू झाला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे असे क्रेडिटचे डबे भरायचे आहेत. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलंच घ्यायचं हा नियम मला मनापासून पटतो. कॉमर्सच्या मुलीनं मूर्तीकडे बघायला शिकावं, फिजिक्सच्या मुलानं रागदारी ऐकावी, यात वाईट काय आहे? अडचण एवढीच, की डबा भरायची घाई सगळ्यांना आहे आणि आत काय शिजतंय हे बघायला कोणालाच वेळ नाही.

आपल्या कायद्यात आंतरविद्याशाखीय हा शब्द आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं चार विद्याशाखा ठरवल्या: विज्ञान आणि तंत्रज्ञान, वाणिज्य आणि व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. नाव वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात त्या चौथ्या शाखेत शिक्षणशास्त्र आहे, शारीरिक शिक्षण आहे, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, ललितकला आहेत. पहिल्या तीन घरांत जे मावले नाहीत ते सगळे इथे. धर्मशाळेत एका रात्री शेजारी झोपलेले प्रवासी जितके एकमेकांचे सोबती, तितकेच हे.

आणि 'आर्ट्स'ची गंमत तर वेगळीच. आपल्याकडे आर्ट्सला गेलेलं मूल राज्यशास्त्र शिकतं, समाजशास्त्र शिकतं, कला सोडून बाकी सगळं शिकतं. चित्र काढायला शिकायचं तर शासकीय चित्रकला महाविद्यालय, त्याचा कारभार कला संचालनालयाकडे. वास्तुकला शिकायची तर व्हीएनआयटी, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, ती केंद्राची. संस्कृत काव्यशास्त्र हवं तर रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ, ते १९९७ पासून स्वतंत्र. नागपूर विद्यापीठाला २०२३ मध्ये शंभर वर्षं झाली. ही सगळी ठिकाणं बसनं किंवा मेट्रोनं सकाळी निघून दुपारपर्यंत पोचण्यासारखी आहेत. पण एका मुलानं एका सत्रात यातल्या दोन ठिकाणी बसायचं म्हटलं तर कागदोपत्री मुंबई गाठणं सोपं.

सौंदर्यविचाराचा आपल्याकडे दुष्काळ आहे, असंही नाही. मराठीला मिळालेले साहित्य अकादमीचे पुरस्कार पाहा. १९५६ चा बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'ला, १९७५ चा रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा'ला, १९७९ चा शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य'ला आणि १९८२ चा प्रभाकर पाध्यांच्या 'सौंदर्यानुभव'ला. सव्वीस वर्षांत चार वेळा या भाषेनं कादंबऱ्या-कविता बाजूला ठेवून 'सुंदर म्हणजे काय' या प्रश्नाला मान दिला. त्यातले मुक्तिबोध तर नागपुरात मराठी शिकवत होते. इतकं घरात असताना आमच्या पहिल्या युनिटात प्लेटो, ॲरिस्टॉटल, कांट होते आणि या चौघांतला एकही नव्हता. मर्ढेकर मराठीच्या एम.ए.ला 'असतात', म्हणून इथे नको, असं ठरलं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. चार विभागांची चार युनिटं शेजारी ठेवून आंतरविद्याशाखीय काही घडत नाही. मध्यभागी एक वस्तू ठेवावी लागते. अशी वस्तू, जी एकाही विभागाला एकट्यानं पुरती कळत नाही. मग तिच्याभोवती सगळ्यांनी बसायचं, शिकवणाऱ्यांनीही, आणि आपापल्या विषयाचा कंदील तिच्यावर धरायचा. कुणाचा उजेड कुठवर जातो आणि कुठे अंधार राहतो, हे मुलांना दिसलं पाहिजे.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. कळलं ते नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत.

पुढच्या वर्षी माझे साडेसात तास मी जरा वेगळे वापरले. ऑगस्टमधल्या एका रविवारी तेवीस मुलांना घेऊन सकाळी चितार ओळीत गेले. पाऊस पडून गेला होता. गल्लीभर ताडपत्र्या, त्यांतून गळणारं पाणी, ओल्या मातीचा आणि तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वास. दोन्ही बाजूंना डोकी नसलेली धडं ओळीनं उभी, एका फळीवर नुसते हात वाळत घातलेले. मुलं आधी फोटो काढत सुटली. ते होऊ दिलं.

मग माझा विषय निघाला, म्हणून मी जरा ऐटीत समजावलं. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. भाजताना त्यातलं बरचसं पाणी उडून जातं, आपण पाणी घातलं की ते परत घेतं आणि काही मिनिटांत दगड होतं. पुन्हा पाण्यात टाकलं तर विरघळतं फार थोडं, म्हणून तलावाच्या तळाशी तसंच पडून राहतं. मातीचं उलट. ती वाळते तेव्हा पाणी सोडते, आकसते, आणि आकसताना फाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या, त्यामागचं रसायन एवढंच आहे.

बी.ए.चा एक मुलगा ऐकत होता. त्यानं लगेच सिद्धांत मांडला. "म्हणजे मॅडम, मातीचा गणपती बसलेलाच असणार. हात अंगाजवळ, पोटाला टेकलेले. उडी मारणारा, एका पायावर नाचणारा गणपती पीओपीमुळं आला." मला तो सिद्धांत फार आवडला. सामग्री बदलली तशी मूर्तीची बैठक बदलली, असा निबंधच मी मनात लिहायला घेतला.

शेजारी एक मूर्तिकार गुडघ्यावर बसून काम करत होते. साठीच्या पुढचे. त्यांनी वर न बघता म्हटलं, "तसं नाही जी." मग उठून आत गेले आणि एका उभ्या देवीच्या पाठीवरची ताडपत्री बाजूला केली. आत बांबूचा आणि फळ्यांचा सांगाडा, त्याला सुतळीनं करकचून बांधलेलं तणस, त्यावर मातीचा पहिला जाड हात. देवीचे आठही हात अंगापासून लांब. "मातीले हाड द्या, ती काहीबी करते. पण हाड बांधाले दिवस लागतात. साच्यातून काढाले दिवस नाही लागत." मग त्या मुलाकडे बघून म्हणाले, "गणपती बसला तो मातीपायी नाही. घरच्या देव्हाऱ्यात जागा कमी, म्हणून बसला."

माझा निबंध तिथेच बुडाला. पण त्या वाक्यानं कॉमर्सच्या मुलांना तोंड फुटलं. दिवस लागतात म्हणजे मजुरी किती? बयाणा कधी घेता? न विकलेल्या मूर्तीचं काय करता? भाव फुटावर असतो, हे कळल्यावर एका मुलीनं वहीत लिहिलेलं वाक्य मी अजून विसरले नाही: 'मंडळाची वर्गणी मूर्तीची उंची ठरवते, उंची ठरली की मुकुटाला जागा किती उरते ते ठरतं, आणि मुकुट ठरला की मग चेहरा.' ही मुलगी म्हणजे 'कायले' विचारणारीच. तिचा हा पेपर मागच्या वर्षीच झाला होता, या वेळी ती नुसती आली होती.

शेवटी डोळ्यांची आखणी विचारली. ते काम त्या दिवशी दाखवायला नकार मिळाला. ते एकट्यानं करायचं असतं. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एका तासात सगळं कळत नाही, हेही त्या तासात कळायला हवं होतं.

त्या सकाळी रसायन, अर्थकारण, कायदा, मूर्तिशास्त्र हे सगळं आलं. कोणी आणलं नव्हतं. मूर्तीनं ओढून आणलं.

आता यावर विद्वानांचा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो आमच्याच बैठकीत आला. "ही सहल झाली. सिद्धांत कुठे आहे?" आक्षेप पोकळ नाही. नुसतं बघून माणूस शहाणा झाला असता तर इतवारीतला प्रत्येक दुकानदार सौंदर्यमीमांसक झाला असता. सिद्धांत लागतोच. पण तो कधी लागतो, याला महत्त्व आहे. करवत काठी साडी घ्या. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, अंग, सुती काठ, आणि जिथे दोघं भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी रेघ. ती छापलेली नसते, विणलेली असते. काठांचे दोन धोटे वेगळे आणि अंगाचा तिसरा. दर फेरीला काठाचा बाणा (आडवा धागा) अंगाच्या बाण्यात अडकवत जायचा, तेव्हा एक दाता होतो. भंडाऱ्याकडच्या जंगलात ऐन-अर्जुनावर पोसलेला तो कोसा, त्याचा मळकट सोनेरी रंग, आणि काठाचा गडद लाल किंवा निळा. मुलांना ही साडी हातात द्या, दाते मोजू द्या, एखादा दाता चुकलेला शोधू द्या. मग सांगा, की मर्ढेकर नावाच्या कवीनं म्हटलं आहे, सौंदर्य लयीत असतं आणि लयीचे संवाद, विरोध, समतोल असे तीन प्रकार. काठ आणि अंग यांत विरोध आहे की संवाद, यावर वर्ग अर्धा तास भांडतो. मी ते भांडण पाहिलं आहे. तोच सिद्धांत आधी फळ्यावर लिहिला असता तर सगळ्यांनी तो मुकाट्यानं वहीत उतरवला असता.

आणि त्या साडीत फक्त लय नाही. कोसा पोसणारे धिवर, विणणारे कोष्टी, नेसणारे आणखी कोणी. सुंदर कशाला म्हणायचं हे नेसणाऱ्यानं ठरवलं की विणणाऱ्यानं, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. तो साडीला चिकटलेलाच येतो, वेगळं युनिट लागत नाही.

सुंदर कोणासाठी, हा प्रश्न तर नागपुरात टाळताच येत नाही. दीक्षाभूमीचा स्तूप रोज हजारो माणसं पाहतात. आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी तो लहानपणापासून पाहिलेला. मी एका वर्गाला एकच प्रश्न दिला: सांचीचा स्तूप भरीव आहे, आत जाता येत नाही, बाहेरून प्रदक्षिणा घालायची. वास्तुकार शिव दान मल यांनी दीक्षाभूमीचा स्तूप सांचीवरून घेतला, पण आतून पोकळ ठेवला. का?

सिव्हिलच्या मुलानं भार आणि घुमटाचं गणित सांगितलं. इतिहासाच्या मुलीनं स्तूपाची परंपरा सांगितली, की मुळात तो अस्थींवरचा ढिगारा. मग एक मुलगा बोलला, तो क्वचितच बोलायचा. "ज्यांना देवळात आत घेत नव्हते, त्यांच्यासाठी बांधलं ना ते. मग आतून बंद कसं ठेवणार?" १४ ऑक्टोबर १९५६ ही धम्मदीक्षेची तारीख वर्गात सगळ्यांना पाठ होती. ती त्या घुमटाच्या पोकळीशी जोडलेली कोणी ऐकली नव्हती. वास्तुकारांचं कारण हेच होतं का, हे शोधणं पुढचं काम, आणि ते मी त्याच मुलाला दिलं. नुसता अंदाज सुंदर आहे म्हणून खरा मानायचा नाही, हेही या विषयात शिकवायला हवं.

दुसरी एक गोष्ट सांगते. ब्रह्मपुरीकडच्या एका मुलाला मी वर्षभर ओळखत होते, अबोल म्हणून. 'तुमच्या घरातली कला' असं काही लिहून आणायला सांगितलं तेव्हा त्यानं वारली चित्रांवर एक पान आणलं, इंटरनेटवरून उतरवलेलं. वारली पालघरकडची आणि ब्रह्मपुरी राज्याच्या दुसऱ्या टोकाला! नंतर कळलं, त्याचे मामा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकात काम करतात. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि गावोगाव रात्रभर नाटकं होतात. गडचिरोलीकडच्या वडशातल्या नाटक कंपन्यांची त्या हंगामात रोज वेगळ्या गावात मुक्कामाची धावपळ. हजारोंच्या संख्येनं तिकिटं काढून, थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक त्यानं लहानपणापासून पाहिला होता. परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेही त्याला माहीत होतं. "मग ते का नाही लिहिलंस?" तर म्हणाला, "ते थोडी कला म्हणतात, मॅडम. त्यात नाच असते, रडारड असते."

हे त्याला कोणी शिकवलं? आपणच. पेपरात न येणारं ते कला नाही, इतकं मुलं पहिल्या सत्रातच शिकतात. या मुलासमोर रससिद्धांत ठेवला तर तो तुम्हाला प्रतिप्रश्न करील. करुणाच्या प्रवेशानंतर लगेच लावणी आली की प्रेक्षक का उठून जात नाही? आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त रसविरोधाचं, म्हणजे एकमेकांना मारक रसांचं, जे सांगितलं त्याच्याशी हे जुळत नाही, मग कोण चुकलं? असा प्रश्न मला तरी एम.ए. झालेल्यांकडून ऐकायला मिळाला नाही.

आणि सुंदरच का? मारबत पाहा, म्हणजे मिरवणुकीतला बाईचा पुतळा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, पिढ्यान्‌पिढ्या. ती मुद्दाम भेसूर केलेली असते, मिरवली जाते आणि जाळली जाते. सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, तर त्या त्या वर्षीच्या राजकारणावर. रोगराई घेऊन जायला सांगितलेली ही बाई कुरूप असली तरच काम करते. सौंदर्यशास्त्राच्या पेपरात कुरूपाला जागा नसेल तर तो पेपर ब्यूटी पार्लरच्या सर्टिफिकेट कोर्ससारखा होईल. (त्या कोर्सला मी नावं ठेवत नाही. तिथे निदान हातानं काम करतात.)

पण हे सगळं होत नाही त्याचं खरं कारण विद्वत्तेत नाही, वेळापत्रकात आहे. दोन शिक्षक एका वर्गात एकाच वेळी उभे राहिले तर तास एकच धरतात. वर्कलोड दोघांत अर्धा अर्धा होतो. वर्कलोड कमी झाला की विभागातलं पद धोक्यात. म्हणून प्रत्येक विभाग आपले साडेसात तास कुंपण घालून राखतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या कुंपणाच्या आत कोणाची तरी नोकरी आहे. त्यातही निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे. वर्गात उभं राहिल्याचे पैसे मिळतात, रविवारी चितार ओळीत उभं राहिल्याचे मिळत नाहीत. अशा माणसाला 'जरा आंतरविद्याशाखीय व्हा' म्हणायला जीभ धजावत नाही.

तेव्हा विद्यापीठाकडे पहिली मागणी तत्त्वज्ञानाची नाही. एका वर्गात दोन विषयांचे शिक्षक असतील तर दोघांचाही तास पूर्ण धरा. मग बघा किती विभागांना अचानक शेजारचा विभाग आवडायला लागतो.

दुसरी मागणी क्रेडिटच्या गणिताची. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रात्यक्षिकाचा म्हणजे तीस. सौंदर्याचा हा पेपर थिअरीत टाकला की तीस तास हातात येतात आणि ते फळ्यासमोर संपतात. प्रात्यक्षिकात टाकला तर साठ तास. साठ तासांत आठ वस्तू होतात, एकेकीला सात-साडेसात तास, आणि प्रत्येक वस्तूकडे दोनदा जाता येतं. दोनदा जाणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रसायनाचं प्रॅक्टिकल आम्ही एकदा करून सोडत नाही, रीडिंग जुळेपर्यंत करतो. चित्राचं रीडिंग एकदाच का घ्यायचं?

परीक्षाही त्याच धाग्यावर घेता येते. पहिल्या भेटीत मुलानं वस्तूबद्दल दोन पानं लिहायची. ती वही शिक्षकानं ठेवून घ्यायची. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा त्याच वस्तूपुढे बसवायचं आणि विचारायचं, तेव्हा तुझं काय चुकलं होतं, काय सुटलं होतं? गुण त्या फरकाला. याची गाइडं निघत नाहीत. नागपुरात कुठलंही गाइड निघू शकतं, तरी याचं काढणं अवघड जाईल. तपासायला वेळ लागेल हे खरं. एका वर्गात शंभर मुलं कोंबली तर ही पद्धत मोडेल हेही खरं. मग चाळीसच घ्या. ओपन इलेक्टिव्हच्या यादीत इतर वीस पेपर आहेत, ते काही ओस पडत नाहीत.

तिसरी मागणी मूर्तिकाराच्या मानधनाची. त्यांना वर्गात बोलवायचं ठरलं तेव्हा मानधनाच्या अर्जावर 'शैक्षणिक अर्हता' असा रकाना होता. त्यात काय लिहायचं हे कोणालाच कळेना, मग 'अतिथी' म्हणून फूल आणि श्रीफळ देऊन काम भागवलं. मला त्याची लाज वाटते. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची, म्हणजे कामातल्या अनुभवी माणसाला शिकवायला नेमण्याची, वाट मोकळी केली, त्याला पीएच.डी. लागत नाही. २०२३ मध्ये स्थानिक कलाकार-कारागिरांना संस्थेत नेमण्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या. कागद आहेत. ते वापरायला कोणीतरी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले पाहिजेत. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून निवृत्त अधिकारी आणि कंपन्यांचे व्यवस्थापकच यायचे असतील तर ती वाटही चितार ओळीपर्यंत जाणार नाही.

"या सगळ्यानं नोकरी मिळेल का?" हा पालकांचा प्रश्न. माझं उत्तर, सरळ मिळणार नाही. पण या शहरात सौंदर्याच्या नावानं किती निर्णय होतात ते एकदा मोजा. सौंदर्यीकरण हा नागपूरकरांचा रोजचा शब्द आहे. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्तानं सी-२० ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची, बैठक इथे झाली तेव्हा भिंती रंगल्या, दुभाजकांवर कुंड्या आल्या, झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. रस्ते छान दिसत होते, मीही गाडी थांबवून बघितले. पण झाडाला रात्रभर उजेडात ठेवलं तर त्यावरच्या पक्ष्यांचं काय होतं, हे सांगणारा प्राणिशास्त्राचा माणूस आणि भिंत कोणत्या रंगाची असावी हे सांगणारा चित्रकार एका टेबलाशी बसले होते का? बसले असते तरी एकमेकांशी काय बोलायचं हे त्यांना कुठल्या वर्गात शिकवलं होतं?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथे कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीनं काठच्या वस्त्या घरात शिरून धुतल्या, माणसं गेली. त्यानंतर तलावाच्या सांडव्यापाशी उभारलेल्या विवेकानंदांच्या पुतळ्याच्या जागेचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पाण्याच्या वाटेत अडथळा झाला की नाही, हे न्यायालयानं आणि जलतज्ज्ञांनी सांगायचं. माझा मुद्दा त्याआधीचा आहे. पुतळा कुठे शोभून दिसेल आणि पाणी कुठून जाईल, हे दोन प्रश्न आपल्याकडे दोन वेगळ्या फाइलींत असतात. तलावाकाठी जागा निवडणाऱ्याच्या मनात ते एकच असायला हवेत. जागेचं सौंदर्य म्हणजे तिथून काय दिसतं एवढंच, असं मानणारी माणसं आम्हीच पदव्या देऊन बाहेर पाठवली आहेत. जर्मन कवी शिलरनं सौंदर्यशिक्षणावरची पत्रं १७९५ मध्ये छापली ती फ्रान्समधल्या रक्तपातानंतर, माणूस कसा घडावा या काळजीतून. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन काढलं तेव्हा त्यांचीही काळजी दिवाणखाना सजवण्याची नव्हती.

यंदा मी पेपर नव्यानं लिहून दिला. प्रात्यक्षिक, साठ तास, आठ वस्तू: मूर्ती, साडी, स्तूप, झाडीपट्टीचं एक नाटक, मारबत, अजब बंगल्यातली (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली) एक मूर्ती, झाडाला गुंडाळलेली दिव्यांची माळ आणि अंबाझरीचा सांडवा. युनिट नाहीत. प्रत्येक वस्तूपुढे दोन भेटींच्या तारखा आणि त्या दिवशी हजर राहणाऱ्या दोन शिक्षकांचे विषय. मराठीच्या मॅडमनी आणि इतिहासाच्या सरांनी न बोलावता सह्या केल्या. तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले, कांट ठेवा, मी त्याला सांडव्यावर आणतो. मी ठेवला.

अर्ज तीन दिवसांत परत आला. लाल पेनानं एकच खूण होती. 'अभ्यासक्रम चालवणारा विभाग' हा रकाना मी कोरा ठेवला होता, आणि तो कोरा ठेवून सॉफ्टवेअर पुढे जात नाही. खाली यादीतून एकच नाव निवडायचं आहे. 'कायले' विचारणारी मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिला स्क्रीन दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, 'इतर' टाका ना."

यादीत 'इतर' नाही.